विद्यापीठासाठी जमीन मागणारा मुत्सद्दी

कुलगुरू कोणी नेमायचा, यावरून महाराष्ट्रात दर काही वर्षांनी रण माजते. २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. कुलगुरुपदासाठी नावांची शिफारस सरकारने करायची आणि उच्चशिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हायचे, असा तिचा गाभा होता. पुढे सरकार बदलले आणि ती मागे घेतली गेली. २०२५ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरू निवडीच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा हाच वाद दिल्ली विरुद्ध राज्ये असा पेटला. राजभवन की मंत्रालय, मुंबई की दिल्ली, एवढ्यावर अग्रलेख लिहिले जातात आणि सिनेटमध्ये घोषणा होतात. माझे म्हणणे असे की, या भांडणात कोणीही जिंकले तरी विद्यापीठ हरते. दर वर्षी ज्याच्या दारात पगारासाठी उभे राहावे लागते, शेवटी त्याचेच चालते. मग खुर्चीवर कोणीही बसलेला असो.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका सरकारी माणसाने ओळखली होती, म्हणून त्याची कहाणी सांगायची आहे. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा प्रशिया या जर्मन राज्याचा राजदूत, नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसवणाऱ्या व्हिएन्नाच्या परिषदेतला वाटाघाटी करणारा आणि बास्कपासून जावाच्या ‘कवी’ नावाच्या जुन्या भाषेपर्यंत पोहोचलेला भाषापंडित होता. बर्लिनचे विद्यापीठ ज्याच्या खटपटीतून उभे राहिले, तोही हाच. त्याचे नाव शिक्षणाच्या चर्चेत आदराने घेतले जाते, पण त्याने राजाकडे नेमके काय मागितले होते आणि ते त्याला का मिळाले नाही, हा भाग बहुधा गाळला जातो. आपल्या कामाचा भाग तोच आहे.

हुम्बोल्टचा जन्म १७६७ चा, पॉट्सडॅमचा. धाकटा भाऊ अलेक्झांडर, दक्षिण अमेरिका पालथी घालणारा निसर्गशास्त्रज्ञ, जगात जास्त प्रसिद्ध झाला. दोघेही शाळेत गेले नाहीत, घरीच शिकवणारे नेमलेले होते. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, बास्तीलचा तुरुंग पडून काही आठवडेच झाले असताना, विल्हेल्म आपल्या जुन्या शिक्षकाबरोबर पॅरिसला क्रांती बघायला गेला. परतल्यावर बर्लिनच्या न्यायखात्यात नोकरी धरली आणि थोड्याच काळात सोडलीही. १७९२ मध्ये, पंचविशीत, त्याने एक प्रबंध लिहिला. राज्याने काय करावे आणि कुठे थांबावे, हा त्याचा विषय. राज्याने नागरिकांच्या सुरक्षिततेपुरते पाहावे, त्यांना घडवण्याच्या भानगडीत पडू नये, शिक्षण तर हाती घेऊच नये, असे त्याने त्यात ठाम मांडले होते. बर्लिनच्या सेन्सॉरने अडचणी आणल्या, काही भाग नियतकालिकांत आले आणि संपूर्ण पुस्तक छापले गेले ते १८५१ मध्ये, लेखक जाऊन सोळा वर्षे झाल्यावर. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी याच प्रबंधातले वाक्य उद्धृत केले आहे.

आणि १८०९ मध्ये हाच माणूस प्रशियाच्या शिक्षणखात्याचा प्रमुख झाला. तरुणपणी राज्याने शिक्षणापासून लांब राहावे म्हणणारा चाळिशीत सरकारी शाळा आणि सरकारी विद्यापीठ उभारतो, यात अनेकांना विसंगती दिसते. मला त्यात एक धागा सलग दिसतो. राज्याला दूर ठेवता येत नसेल, तर त्याला बांधून घालायचे, हे तो राज्याच्या आत बसून करत होता.

काळ कसा होता ते पाहा. १८०६ मध्ये येना आणि आउअरश्टेटला नेपोलियनने प्रशियाची धूळधाण केली. पुढच्या वर्षीच्या टिल्सिटच्या तहात जवळपास निम्मे राज्य गेले आणि त्याबरोबर हाले हे मोठे विद्यापीठही गेले. खजिना रिता, वर विजेत्याची खंडणी. राजदरबार बर्लिन सोडून क्योनिग्सबर्गला होता. हुम्बोल्ट १८०२ पासून रोममध्ये, पोपच्या दरबारी प्रशियाचा प्रतिनिधी होता. तिथेच १८०३ मध्ये त्याचा थोरला मुलगा गेला. रोमवर त्याचा जीव होता आणि शिक्षणखात्याची ही नेमणूक त्याला नको होती. तरी आल्यावर सोळा महिन्यांत त्याने जे केले, ते थक्क करणारे आहे. शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आणली, प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत एकच शिडी आखली. शाळांच्या आराखड्यात त्याने लिहिले की, सुतार ग्रीक शिकला तर ते वाया जाणार नाही, जसे पंडिताने टेबल बनवायला शिकणे वाया जात नाही. हे आपल्याकडे अजून कोणा शिक्षणमंत्र्याच्या तोंडून ऐकायचे राहिले आहे.

विद्यापीठाच्या रचनेवर त्याने एक टिपण लिहायला घेतले. ते अर्धेच राहिले आणि शतक सरत येईपर्यंत दफ्तरात पडून होते. त्यात तो म्हणतो की, शाळेत ठरलेले, पक्के ज्ञान शिकवतात, तर विद्यापीठात ज्ञान कधीच पुरते हाती न आलेले मानून शोधत राहायचे असते. म्हणून तिथे शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, दोघेही ज्ञानासाठी असतात. आणि राज्याने सतत लक्षात ठेवावे की हे काम त्याच्या हातून होत नाही, होणारही नाही, त्याने हात घातला की फक्त अडथळा होतो. एक उच्चपदस्थ सरकारी अधिकारी आपल्याच सरकारविषयी असे लिहितो, याचे मला फार मोल वाटते.

पण नुसत्या तत्त्वावर तो थांबला नाही. १८०९ च्या उन्हाळ्यात त्याने राजाकडे अर्ज केला, त्यात विद्यापीठ आणि विद्वत्संस्था यांच्यासाठी वर्षाला दीड लाख थालेर (तेव्हाचे चांदीचे नाणे) उत्पन्न मागितले, आणि हे उत्पन्न राजाच्या खालसा जमिनींतून यावे असे सुचवले. म्हणजे जमिनी विद्यापीठाच्या नावे करून द्यायच्या, त्यांच्या उत्पन्नावर विद्यापीठाने चालायचे आणि दर वर्षी खजिन्याच्या पायरीवर जायचे नाही. इनाम आणि वतन माहीत असलेल्या मराठी माणसाला यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १६ ऑगस्टला राजाने रक्कम मंजूर केली, प्रिन्स हाइनरिशचा राजवाडा इमारतीसाठी दिला. १८१० च्या ऑक्टोबरात २५६ विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले.

तेव्हा हुम्बोल्ट तिथे नव्हता. खातेप्रमुखाला मंत्र्याच्या हाताखालचा कारकून करून ठेवणारी रचना त्याला मान्य नव्हती. त्याने राजीनामा दिला आणि त्याची रवानगी राजदूत म्हणून व्हिएन्नाला झाली. त्याच्या जागी शुकमान नावाचा गृहस्थ आला. जमिनीची कल्पना त्याने मोडीत काढली आणि कारणही लपवले नाही. डोकी कितीही उंच उडोत, पोटाचा त्यांच्यावर हक्क राहतोच, आणि पोट ज्याच्या ताब्यात, त्याला डोकी आवरता येतात, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. विद्यापीठाच्या कारभारावर इतके उघड वाक्य माझ्या वाचनात दुसरे नाही. बर्लिन विद्यापीठ वार्षिक सरकारी अनुदानावर गेले आणि प्राध्यापक सरकारी नोकर झाले.

याचा हिशेब यायला दहा वर्षेही लागली नाहीत. १८१९ च्या मार्चमध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने मानहाइममध्ये नाटककार कोत्सेबूचा खून केला. त्याचे निमित्त करून सप्टेंबरात जर्मन राज्यांचे कार्ल्सबाडचे ठराव आले. प्रत्येक विद्यापीठावर सरकारी निरीक्षक, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, नकोशा प्राध्यापकांची हकालपट्टी. बर्लिनमध्ये धर्मशास्त्राचे प्राध्यापक डी वेट यांची नोकरी गेली, कारण त्यांनी झांडच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले होते. एका आईला लिहिलेले खासगी पत्र! हुम्बोल्ट त्या वेळी मंत्रिमंडळात परतला होता. त्याने ठरावांना विरोध केला आणि ३१ डिसेंबर १८१९ रोजी त्याला पदावरून काढण्यात आले. नंतर त्याच्याकडे कोणतेही मोठे राजकीय पद आले नाही.

इथे हुम्बोल्टची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका त्याने राज्याच्याच हाती ठेवल्या होत्या. प्राध्यापकांची आपसांतली भाऊबंदकी त्याला ठाऊक होती, आणि प्रबुद्ध राज्य त्यांच्यापेक्षा बरी निवड करेल असा त्याचा भरवसा होता. स्वतः त्या खुर्चीवर असेपर्यंत तो खराही ठरला. पण चांगला माणूस गेल्यावर त्या खुर्चीवर कोण येईल याचा बंदोबस्त भरवशाने होत नाही. नेमणुका राज्याकडे गेल्या, वर जमीनही हातची गेली. मग स्वातंत्र्याला आधार उरला तो अधिकाऱ्यांच्या मर्जीचा.

त्याचे टोक १९३३ मध्ये दिसले. ७ एप्रिलला नाझी सरकारने नागरी सेवेचा कायदा केला आणि ज्यू तसेच राजकीयदृष्ट्या नावडत्या सरकारी नोकरांना काढायला सुरुवात झाली. विद्यापीठांसाठी वेगळा कायदा करायची गरजच पडली नाही, प्राध्यापक सरकारी नोकरच होते. १० मे रोजी विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी ऑयगेन फिशर हा मानववंशशास्त्रज्ञ बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाला.

फिशरचे नाव मराठी वाचकाला एका वेगळ्या वाटेने भेटते. इरावती कर्वे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. करून १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, त्या याच फिशरकडे. मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो का, हा विषय त्याने दिला. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि वंशाचा तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला. मार्गदर्शकाला हवे होते त्याच्या उलट. तरीही पदवी मिळाली. परक्या देशातली, गुलाम देशाची नागरिक असलेली एक तरुण बाई आपल्या गुरूला पुरावा दाखवून नाही म्हणते आणि संस्था ते मान्य करते, यालाच मी विद्यापीठ म्हणतो. तीन-चार वर्षांनी त्याच आवारात हे शक्य राहिले नाही. माणसे, इमारती, ग्रंथालये बव्हंशी तीच होती.

बर्लिनशी मराठी विद्येचे दुसरे नाते याहून जुने आहे, आणि तिथे हुम्बोल्टचा हात थेट दिसतो. पन्नाशी उलटल्यावर तो संस्कृत शिकला. फ्रान्झ बॉप या संस्कृतच्या तरुण अभ्यासकाची त्याच्याशी लंडनमध्ये गाठ पडली होती. हुम्बोल्टच्या शिफारशीने १८२१ मध्ये बॉपला बर्लिनमध्ये प्राध्यापकपद मिळाले. १८२५ आणि १८२६ मध्ये हुम्बोल्टने बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्याने दिली. हे काव्य कळेपर्यंत आयुष्य लाभले याबद्दल आपण दैवाचे ऋणी आहोत, असे त्याने मित्राला लिहिले. तत्त्वज्ञ हेगेलने या व्याख्यानांची चिकित्सा करत गीतेवर कडक टीका केली, तीही छापली गेली. हरलेल्या, कर्जबाजारी राज्यातून वर आलेल्या प्रशियाला १८२१ मध्ये संस्कृतचा काय उपयोग होता? कोणत्याही अर्थखात्याने ही जागा नामंजूर केली असती. बॉपनंतर त्या परंपरेत वेबर, पिशेल, ल्यूडर्स आले. ल्यूडर्स यांच्या हाताखाली मुंबईचे विष्णु सीताराम सुखटणकर डॉक्टर झाले. केंब्रिजचे गणित सोडून ते संस्कृत व्याकरणाकडे वळले होते.

१९२५ मध्ये सुखटणकरांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे घेतली. तिथले काम जवळून पाहण्यासारखे होते. चौकोन आखलेल्या कागदावर श्लोक एकेका अक्षराने वर मांडायचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखितातले पाठभेद त्या त्या अक्षराखाली भरत जायचे. काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या, सगळ्या प्रकल्पात १,२०० हून अधिक. ज्यांचे डोळे त्या चौकोनांत गेले, ते शास्त्री आणि सहायक एका पर्वाला वर्षे देत होते. सुखटणकर १९४३ मध्ये वारले, काम पुरे झाले १९६६ मध्ये. इरावतीबाईंनी महाभारतावर जे लिहिले, त्याला आधार या आवृत्तीचा होता. बर्लिनला शिकलेल्या दोन मराठी माणसांची कामे अशी पुण्यात एकमेकांना भेटली.

मात्र हे काम विद्यापीठात झाले नाही, हे विसरू नये. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले ते लंडनच्या नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानांनी १९१९ मध्ये उघडला, तोवर साठेक वर्षे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा मंडळच होते. शोध घेणाऱ्यांनी बाहेर घरे बांधली. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ मध्ये भांडारकर, १९३० मध्ये गोखले संस्था. स्वातंत्र्यानंतर आपण हीच फाळणी पक्की केली. राष्ट्रीय प्रयोगशाळा वेगळ्या, मूलभूत संशोधनाच्या संस्था वेगळ्या, आणि लाखो मुले जिथे शिकतात ती महाविद्यालये वेगळी. शोध घेणारा माणूस आमच्या बी. ए., बी. एस्सी.च्या पोराला तीन वर्षांत एकदाही भेटत नाही. डेक्कन कॉलेजसारखी ठिकाणे अपवाद.

आणि त्या पोराला भेटतो कोण? तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट-सेट झालेला, बऱ्याचदा पीएच. डी. झालेला. सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, मग एसटीने दुसऱ्या तालुक्याला, तिथे आणखी दोन. मानधन तासांवर, तेही महिनोन् महिने रखडलेले. सुट्टीला पैसे नाहीत, पुढच्या वर्षी नेमणूक होईलच असे नाही, म्हणून संस्थेच्या कार्यालयात मान खाली. विभागात मंजूर जागा रिकाम्या, भरतीला वित्त विभागाची मान्यता नाही. या माणसाने इरावतीबाईंसारखे वरिष्ठाला नाही म्हणावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शुकमानचे वाक्य इथे रोज खरे होते आहे. कुलगुरू राज्यपालांनी नेमला की मंत्र्यांनी, याने या माणसाच्या आयुष्यात काय बदलते ते मला कोणी सांगावे.

या मुद्द्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी मनापासून मानतो. स्वायत्तता म्हणजे मूठभरांची मक्तेदारी, विद्यापीठे प्राध्यापकांच्या हाती दिली तर ठरावीक जातींचेच राज्य राहील. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच दुखणे मांडले होते: शेतकऱ्याच्या करातून उच्चवर्णीयांचे उच्चशिक्षण चालते आणि शेतकऱ्याचे पोर प्राथमिक शाळेलाही मुकते. बर्लिनही यात निर्दोष नव्हते. प्रशियात स्त्रियांना विद्यापीठाचे दार पूर्णपणे उघडायला १९०८ उजाडले.

पण हुम्बोल्टच्याच एका टिपणात या आक्षेपाचे उत्तर सापडते. १८०९ मध्ये ज्यूंना नागरी हक्क द्यावेत का, असा प्रश्न होता. आधी त्यांना सुधारू, मग हळूहळू हक्क देऊ, असे अनेक भले लोक म्हणत होते. हुम्बोल्टने सांगितले की सगळे हक्क एकदम द्या, राज्य ही शिकवणारी संस्था नाही, हक्कांची संस्था आहे. ही रेघ मला फार उपयोगी वाटते. दारात कोण येईल, आरक्षण कसे पाळले जाईल, शुल्क किती, भरतीत कोणावर अन्याय झाला, हे राज्याने कायद्याने ठरवावे आणि कठोरपणे पाळून घ्यावे. दाराच्या आत कोणता प्रश्न विचारायचा, कोणते पुस्तक लावायचे, कोणत्या व्याख्यात्याला बोलवायचे, तिथे राज्याचे काम संपते. आपल्याकडे उलटे चालते. अनुशेषाच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि एखाद्या चर्चासत्राचा विषय कोणाला खुपला की फोन मात्र लगेच येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. करदात्याचा पैसा देणार तर सरकार हिशेब मागणारच. मागावाच. हिशेब तपासणे आणि हुकूम सोडणे यांत अंतर आहे, इतकेच. स्थायी निधी ही आपल्याला परकी गोष्टही नाही. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेचा पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेकडे वळवला गेला, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले, आणि दक्षिणा फेलो म्हणून किती पिढ्या त्यावर शिकल्या. जमिनीही आपण शिक्षणासाठी दिल्या, भरपूर दिल्या. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले, तेव्हा सवलतीच्या भूखंडांवर शिक्षणसम्राट उभे राहिले. सार्वजनिक विद्यापीठांच्या वाट्याला मात्र वेतन अनुदानाची वार्षिक याचना आली. जमीन होती. ती कोणाच्या नावे करायची, हा निर्णय राजकीय होता.

म्हणून २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा पुढच्या वेळी दुरुस्तीला निघेल, तेव्हा कुलगुरू निवड समितीत कोणाचा माणूस किती, यावर सगळी शक्ती घालवू नका, असे सिनेट सदस्यांना, प्राध्यापक संघटनांना आणि विद्यार्थी संघटनांना सांगावेसे वाटते. मागणी अशी करा: प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठासाठी कायद्याने स्थापन केलेला स्थायी निधी, ज्याचे मूळ भांडवल कोणत्याही सरकारला काढून घेता येणार नाही. मंजूर जागा ठरावीक मुदतीत भरल्या नाहीत तर त्या आपोआप जाहिरातीस खुल्या होतील आणि वित्त विभागाची मान्यता गृहीत धरली जाईल, असे कलम. प्रत्येक पूर्णवेळ प्राध्यापकाला पदवीच्या वर्गावर शिकवण्याचे बंधन आणि संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ, दोन्ही एकाच सेवाशर्तीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत मोडायचे म्हटले आहे. हा निधी आणि ही माणसे यांच्याशिवाय ती मोडली, तर तालुक्याच्या महाविद्यालयाला स्वायत्ततेचा फलक मिळेल आणि आत तासिका तत्त्वावरचा तोच माणूस असेल. त्याला कायम नेमणूकपत्र देण्यापासून सुरुवात करता येते, आणि त्यासाठी राज्यपाल, मंत्री किंवा आयोग यांपैकी कोणाचे भांडण मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.